मिस्त्रीची दोरी

एकदा एका म्हाताऱ्या कारागिराने आपल्या शिष्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली दोरी, शिष्य गाढ झोपेत असताना, कात्रीने कापून टाकली. त्या दोरीचे दुसरे टोक अंगणात उभ्या केलेल्या मोटरसायकलीला बांधलेले होते. सकाळी मोटरसायकल जागेवर नव्हती. म्हाताऱ्याने असे का केले हे शिष्याला त्याच सकाळी कळले. पण जे कळले ते पचवायला पुष्कळ दिवस लागले.

म्हातारा शिलाई मशिनी दुरुस्त करणारा होता. गोदावरीच्या काठी एका तालुक्याच्या गावात त्याचे हातभर रुंदीचे दुकान होते. तो मूळचा कुठला, त्याच्या घरी कोण कोण होते, हे गावात कुणाला नीट ठाऊक नव्हते. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो एका मोटरसायकलवर बसून आला आणि राहिला, एवढेच लोक सांगत. वर्षातले बरेचसे दिवस तो दुकानात बसे. दिवाळी आटोपली की लग्नसराईच्या आधी तेलाच्या बुधल्या आणि सुटे भाग डिकीत भरून बाहेर पडे, आणि तेलंगणाच्या सीमेपर्यंत गावोगावच्या शिंप्यांची यंत्रे नीट करीत फिरे. त्याचे बोलणे थोडे होते. यंत्राचा आवाज ऐकताना तो डोळे मिटायचा, आणि माणसाचे बोलणे ऐकतानाही.

शिष्य सत्तावीस वर्षांचा होता. तीन वर्षे दुकानात हाताखाली काम करून त्याचा हात बसला होता, म्हणून त्या वर्षी म्हाताऱ्याने त्याला प्रथमच दौऱ्यावर सोबत घेतले. शिष्यापाशी मोटरसायकल होती, पण ती त्याची नव्हती. ती त्याच्या थोरल्या भावाची होती. भाऊ आदल्या श्रावणात काविळीने गेला. त्याने त्या गाडीच्या सीटचे कव्हर स्वतः बसून दुहेरी टिपेने शिवले होते. टाकीवर त्याच्या लहान मुलीने पोपटाचे एक चित्र चिकटवले होते, ते अर्धे निघाले होते आणि अर्धे तसेच होते. भाऊ गेल्यावरही ती पोर रोज संध्याकाळी त्या गाडीवर बसायची, हँडल धरून तोंडाने आवाज काढायची आणि उतरायला सांगितले की रडायची.

निघताना वहिनीने किल्ली शिष्याच्या हातात ठेवली. ती म्हणाली, "गाडी जपा, भाऊजी. ह्यांचं तेवढंच राहिलंय."

शिष्याने मनाशी ठरवले की आपल्याला काही झाले तरी चालेल, पण ही गाडी आहे तशी परत अंगणात उभी करायची. हे ठरवताना त्याला आपण फार चांगले काही ठरवतो आहोत असे वाटले. अशा वेळी माणसाला तसेच वाटते.

पहिले दोन मुक्काम ओळखीच्या शिंप्यांच्या घरी झाले. दोन्ही ठिकाणी शिष्याने म्हाताऱ्याची एक पद्धत पाहिली आणि त्याला तिचे नवल वाटले. दिवस मावळला की म्हातारा दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावी. हँडल वळवून कुलूप करी. जाड साखळी दोन्ही चाकांतून ओवून एखाद्या झाडाला किंवा खांबाला वेढी आणि तिचे कुलूप जमिनीला टेकू देत नसे, कारण टेकलेल्या कुलपावर घाव नीट बसतो. मग पेट्रोल बंद करी, दोन्ही गाड्यांचे प्लग काढून रुमालात बांधी, वर मळकट ताडपत्री टाकी आणि तिचे कोपरे दगडांनी दाबी. हे सारे तो इतक्या सावकाश करी की बघणाऱ्याला कंटाळा यावा. पण एकदा झाले, की तो अंथरूण उचलून घराच्या अगदी आतल्या खोलीत जाई, दाराला आतून कडी लावी आणि सकाळपर्यंत गाडीचे नावही काढीत नसे. मध्ये उठून पाहणे नाही, कानोसा घेणे नाही.

दुसऱ्या मुक्कामी शिष्य हसत म्हणाला, "बाबा, नवरीसारखी सजवता गाडीला, आणि मग मागं वळूनसुद्धा बघत नाही."

म्हातारा म्हणाला, "लेक सासरी पाठवल्यावर तिच्या दारात बसून राहत्यात का?"

घरातला शिंपी मोठ्याने हसला. शिष्यही हसला. पण त्याला वाटले की बाबांची गाडी जुनी आहे, तिला नेणार कोण; म्हणून त्यांना झोप येते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीवर थांबले. तिथे चार-पाच चादरवाले बसले होते. मोटरसायकलच्या मागे चादरींचा डोंगर बांधून शेकडो मैल फिरणारी ती माणसे. त्यांचा अर्धा जन्म परक्या गावांत, देवळांच्या ओवऱ्यांत आणि पेट्रोल पंपांच्या आडोशाला झोपण्यात जातो. शिष्याने त्यांना विचारले की तुम्ही रात्री गाड्यांचे काय करता. त्यांतल्या एका जाड मिशांच्या माणसाने पायातली चप्पल काढून अंगठा दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी अंगठी घालून घालून पडावा तसा वळ पडला होता.

तो म्हणाला की कुलपे सगळी तुटतात. खरी राखण म्हणजे दोरी. बारीक पण पक्की सुताची दोरी घ्यायची, एक टोक गाडीला बांधायचे आणि दुसरे पायाच्या अंगठ्याला. गाडी वीतभर हलली तरी झटका बसतो आणि माणूस जागा होतो. त्या रस्त्यावर फिरणारे सगळे हेच करतात. "मिस्त्रीची दोरी म्हणतात हिला," तो म्हणाला. "कुणी मिस्त्री होता म्हणे पूर्वी, त्यानं काढलेली युक्ती."

दुसरा म्हणाला की ह्याला एकदा कुत्र्याने ओढून उठवले होते, तर हा चोर चोर करीत अर्धे गाव उठवून बसला. सगळे हसले. शिष्याने त्यांच्याकडून दोरीचे एक रीळ मागून घेतले. चहा संपवून पाहतो तर म्हातारा शेजारी नव्हता. त्याचा पेला बाकावर अर्धा भरलेला होता आणि तो स्वतः दूर आपल्या गाडीपाशी पाठमोरा उभा होता.

त्या संध्याकाळी त्यांना ओळखीचे घर मिळाले नाही. सीमेजवळच्या एका लहान गावाबाहेर हमरस्त्याला लागून जुनी धर्मशाळा होती, तिथे उतरावे लागले. पुढे लाकडी खांबांची ओसरी, मागे एका रांगेत चार खोल्या, प्रत्येक खोलीला एक दार आणि दाराशेजारी गजांची लहान खिडकी. अंगणात पंचवीस-तीस पावलांवर चिंचेचे झाड. धर्मशाळेची देखभाल करणारा गृहस्थ किल्ल्या वाजवीत आला. जोते उंच असल्यामुळे गाड्या वर चढवता येणार नाहीत असे त्याने सांगितले. मग आवाज उतरवून आणखी एक गोष्ट सांगितली. गेल्या पंधरवड्यात ह्या रस्त्यावरून दोन गाड्या चोरीला गेल्या होत्या. एकीच्या मालकाची चोरांशी गाठ पडली, तो अजून जिल्ह्याच्या दवाखान्यात होता आणि माणसे ओळखत नव्हता. एवढे सांगून त्याने खोली उघडून दिली, पाण्याची घागर दाखवली आणि तो गावात आपल्या घरी निघून गेला. रात्री तिथे कुणी राहत नसे. त्या दिवशी दुसरा उतारूही नव्हता.

म्हाताऱ्याने गाड्या चिंचेला बांधल्या. त्या दिवशी त्याने साखळीचे तीन वेढे घातले. शिष्याने आपले अंथरूण काढले आणि चिंचेखालच्या पारावर पसरू लागला.

"आत," म्हातारा म्हणाला.

शिष्याने त्याला समजावून पाहिले. दोन गाड्या गेल्या आहेत, गाडीपाशी माणूस दिसला तर कुणी जवळ येणार नाही, मी जागाच राहीन, असे तो बोलत राहिला. म्हाताऱ्याने त्याचे अंथरूण गोळा केले, काखेत घेतले आणि ओसरी चढला. शिष्याला मागोमाग जावे लागले.

पण खोलीत गेल्यावर त्याने दोरी काढली. एक टोक तो अंगणात जाऊन भावाच्या गाडीच्या हँडलला बांधून आला, दोरी ओसरीवरून खिडकीच्या गजांतून आत घेतली आणि भिंतीला टेकून बसत अंगठ्याला गाठ मारू लागला.

"काय बांधायलास?" म्हाताऱ्याने विचारले.

"मिस्त्रीची दोरी."

"सोड ती."

शिष्य दिवसभराच्या प्रवासाने शिणलेला होता आणि आत बोलावल्याचा राग अजून गेला नव्हता. तो म्हणाला, "बाबा, ही माझ्या भावाची गाडी आहे. तुमच्या गाडीसारखी असती तर सोडली असती."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले. कंदिलाच्या उजेडात त्याचा चेहरा फार थकलेला दिसत होता. मग भिंतीकडे वळून तो आडवा झाला. शिष्याने दोरीला थुंकी लावून गाठ घट्ट ओढली. आपण जागेच राहू असे त्याला वाटत होते. पाठ टेकली आणि तो मेल्यासारखा झोपला.

जाग आली तेव्हा फटफटले होते. शिष्याने डोळे उघडले तर म्हातारा अंथरुणात नव्हता. तो दाराला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन बसला होता. धागे कापायची लहान कात्री त्याच्या मांडीवर पडली होती. शिष्याने पाय जवळ ओढला. अंगठ्याची गाठ तशीच होती, पण तिच्यापुढे चार बोटे दोरी, आणि तिचे टोक स्वच्छ कापलेले.

तो उठला आणि दाराकडे गेला. म्हातारा हलला नाही. शिष्याने त्याला बाजूला व्हायला सांगितले, मग विनवले, मग त्याचा खांदा धरून ओढला. इतका काटकुळा म्हातारा, पण त्या दारापासून तो हलेना. तो फक्त म्हणत होता, थांब, उजाडू दे. अखेर हमरस्त्यावरून सकाळची पहिली एसटी गेली, दुधाच्या किटल्या वाजवीत एक सायकल गेली, माणसांचे आवाज आले. तेव्हा म्हातारा भिंतीचा आधार घेऊन उठला आणि त्याने कडी काढली.

चिंचेखाली ताडपत्री चुरगळून पडली होती. साखळीचे दोन तुकडे झाले होते. म्हाताऱ्याची गाडी आडवी पडली होती. भावाची गाडी नव्हती. अंगणाच्या तोंडापर्यंत तिच्या चाकाची रेघ गेली होती, आणि तिथून पुढे एखाद्या छोट्या टेम्पोच्या चाकांचे ठसे रस्त्याला लागले होते.

शिष्य त्या रेघेपाशी उभा राहिला. त्याला टाकीवरचा अर्धा पोपट दिसला. हँडल धरून तोंडाने आवाज काढणारी पोर दिसली. मग तो वळला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "तुमची तेवढी राहिली."

म्हातारा उभा होता. त्याने होकाराने मान हलवली.

शिष्य म्हणाला की तुम्ही दोरी कापली नसती तर मी उठलो असतो. आपण दोघे होतो, आरडाओरड केली असती. तुम्ही भ्यालात, म्हणून माझ्या भावाची गाडी गेली. आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य गेले, जे पुढे कित्येक वर्षे त्याला आठवत राहिले. "तुमचं पोटचं कुणी गेलं असतं, तर मागं राहिलेल्या वस्तूची किंमत तुम्हाला कळली असती."

म्हाताऱ्याने त्यावर राग धरला नाही. तो हळूहळू ओसरीवर चढला आणि त्यांच्या खोलीच्या दाराजवळच्या लाकडी खांबाशी जाऊन थांबला. त्याने हाताने खूण करून शिष्याला बोलावले.

खांबाच्या आडोशाला, दारातून बाहेर पडणाऱ्याला मुळीच दिसणार नाही अशा जागी, विड्यांची चार थोटके पडली होती. खांबाला, बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, कोयत्याचे ताजे घाव होते. खोल नव्हते. वाट पाहताना माणूस चाळा म्हणून काडी मोडतो, तसे एकाखाली एक, आठ-दहा लहान घाव. ढलप्या खाली सांडल्या होत्या. आणि त्या ढलप्यांवर दोरी पडली होती, सगळी, वेटोळे होऊन.

"दोरीचं टोक बघ," म्हातारा म्हणाला.

शिष्याने दोरी उचलली. एक टोक कात्रीने कापलेले होते. दुसरे टोक, जे त्याने स्वतः हँडलला बांधले होते, ते तुटलेले नव्हते की कापलेले नव्हते. कुणीतरी अंधारात बसून त्याची गाठ नीट सोडवली होती. अंगठ्याला झटका बसणार नाही अशी, सावकाश.

शिष्य बराच वेळ त्या टोकाकडे पाहत राहिला. चोरांना दोरी दिसली होती. ती सोडवून त्यांना गाडी गुपचूप नेता आली असती. मग ती इथे, दाराशी, कशी आली?

"गाडीपाशी दोघं असतील," म्हातारा म्हणाला. "साखळी तोडायची म्हणजे आवाज होणार. आवाज झाला की मालक उठणार. तेव्हा आधी मालकाचं बघायचं. तिसऱ्यानं दोरी सोडली, धरत धरत इथवर आला. दोरी कुठल्या खिडकीत जाते ते त्याला दिसलं. माणूस कुठं झोपलाय ते तू त्याला सांगून ठेवलं होतंस."

"मग?"

"मग त्यानं ती ओढली."

शिष्याच्या हातातली दोरी खाली पडली.

म्हातारा ओसरीच्या कडेला बसला. मग तो बोलला, आणि शिष्याने तीन वर्षांत त्याच्या तोंडून एवढे बोलणे कधी ऐकले नव्हते.

"तू झोपल्यावर मी दोरी कापली आणि टोक हातात धरून बसलो. बऱ्याच वेळानं झटका बसला. थोडं थांबून दुसरा. गाडी हलते तेव्हा दोरी ताणत जाते, पोरा. हा तसा नव्हता. कुणी बाही धरून हाक मारावी तसा होता. माझेसुद्धा पाय उठायला लागले. मी टोक सोडून दिलं. ते खिडकीतनं सरकत बाहेर गेलं, ते मी बघितलं. मग दाराला पाठ लावून बसलो."

पुढे तो म्हणाला, "माझा पोरगा होता. नवनाथ. तेव्हा आत्ताच्या तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. आम्ही दोघं असंच फिरायचो, एकाच गाडीवर. ही दोरीची युक्ती मीच काढली. मला मोठा अभिमान होता तिचा. मुक्कामाला भेटेल त्याला शिकवली, म्हणून तिला माझं नाव पडलं. नवनाथला मी सांगितलं होतं, झटका बसला की विचार करत बसायचं नाही, उठायचं. तो ऐकणारा पोरगा होता. एके ठिकाणी मला ताप होता, म्हणून त्यानं दोरी आपल्या अंगठ्याला बांधली. झटका बसला. तो उठला. डोळे चोळत दार उघडून बाहेर गेला. मला वाटलं, कुत्रं असेल, येईल परत."

रस्त्यावरून एक मालमोटार गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत म्हातारा थांबला.

"दारातच पडला होता. अंगठ्याला दोरी होती. मारणारे घाबरले असतील, तसेच पळाले. गाडी कुणी नेली नाही. सकाळी जिथल्या तिथं उभी होती." त्याने चिंचेखाली आडव्या पडलेल्या आपल्या गाडीकडे हात केला. "तीच ही. तू म्हणालास ते खरं आहे. माझी गाडी राहिली."

शिष्य खाली बसला. त्याला म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले, पण हात पुढे होईना. त्याने एवढेच विचारले की मला उठवले का नाही. फोन होता, कुणाला तरी बोलावले असते.

"उठवलं असतं तर तू फोन हातात घेतला असतास का दाराची कडी?" म्हातारा म्हणाला.

उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

"कुलूप घालावं, साखळी घालावी, प्लग काढावा," म्हातारा म्हणाला. "त्यात आळस करू नये. चोराला जेवढा उशीर करता येईल तेवढा करावा. पण ती सगळी राखण लोखंडानं लोखंडाची करायची. त्यात आपला अंगठा द्यायचा नाही. दोरीनं गाडी तुला बांधलेली राहते असं तुला वाटतं. पण तूही गाडीला बांधलेला राहतोस, आणि अंधारात ते टोक कुणाच्या हातात आहे हे तुला दिसत नाही. तुझ्या वहिनीनं गाडी जपा म्हटलं. कारण तुझ्या हातात तिला दुसरं काही देता येत नव्हतं. स्वतःला जपा, असं दिराला कसं म्हणायचं? ते तिनं गाडीच्या नावानं सांगितलं."

शिष्य त्या वेळी रडला नाही. तो उठला, चिंचेखाली गेला आणि म्हाताऱ्याची गाडी त्याने उभी केली. तिच्या आरशाची काच तडकली होती. रुमालातला प्लग घेऊन त्याने तो जागेवर बसवला. दुसरा प्लग रुमालातच राहिला.

चौकीवर जाऊन त्यांनी तक्रार लिहून दिली. जमादाराने गाडीचा नंबर उतरवून घेतला, दुसरी काही खूण आहे का म्हणून विचारले. शिष्याने पोपटाचे सांगितले. जमादाराने तेही लिहिले. गाडी सापडली नाही.

दौरा तिथेच सोडून ते परत फिरले, दोघे एका गाडीवर. वाटेत तीच चहाची टपरी लागली, आणि तिथे तेच चादरवाले होते. म्हाताऱ्याने गाडी थांबवली. तो त्यांच्यात जाऊन बसला आणि म्हणाला की तुमच्या दोरीचा मिस्त्री मी आहे. मिशीवाल्याने आदराने उठून त्याला आपली जागा दिली. मग म्हाताऱ्याने त्यांना नवनाथचे सांगितले. बावीस वर्षांत त्याने ते कुणाला सांगितले नव्हते. युक्ती मागे घ्यायची तर मुलाचे मरण सांगावे लागले असते, आणि ते सांगवत नव्हते म्हणून दोरी गावोगाव जात राहिली. सांगून झाल्यावर मिशीवाल्याने चप्पल काढली आणि अंगठ्यावरच्या वळावरून तो बोट फिरवीत राहिला. त्या रात्री त्याने दोरी बांधली की नाही, हे कुणास ठाऊक. सवयी एका दिवसात सुटत नाहीत.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ होती. पोर गाडीच्या आवाजाने दारात धावत आली, म्हाताऱ्याची गाडी पाहून थांबली आणि त्यांच्या मागचा रस्ता पाहू लागली. वहिनीही बाहेर आली. तिनेही आधी रस्त्याकडेच पाहिले. शिष्याने वाटेत कितीतरी वाक्ये जुळवून ठेवली होती. त्याने एवढेच सांगितले, की गाडी चोरीला गेली. वहिनी उंबऱ्यावर बसली. ती गाडीसाठी रडली, आणि तिचे रडणे खोटे नव्हते. जे गेले ते गेलेच होते.

मग तिचे लक्ष दिराच्या पायाकडे गेले. अंगठ्याला दोरीची ती गाठ अजून होती. त्याने ती सोडली नव्हती, का ते त्यालाही सांगता आले नसते. अंगठा सुजला होता. वहिनीने विचारले, हे काय? तेव्हा म्हाताऱ्याने थोडक्यात सांगितले, खांबाचे, कोयत्याच्या घावांचे, झटक्याचे. नवनाथचेही सांगितले.

वहिनीने पदराने तोंड पुसले. ती आत गेली आणि कात्री घेऊन आली. नवऱ्याने सीटचे कव्हर ज्या कात्रीने कापले होते, तीच ती. ती दिराच्या पायाशी बसली. मांसात रुतलेल्या दोरीखाली कात्रीचे पाते तिला सरकवता यावे म्हणून म्हाताऱ्याने शिष्याचा पाय धरून ठेवला. गाठ तुटली. तिने ते तुकडे उचलले, चुलीत टाकले आणि चौघांसाठी भाकरी थापायला बसली.

पोर त्यानंतर बरेच दिवस संध्याकाळी अंगणातल्या रिकाम्या जागेपाशी उभी राहायची. तिच्यापाशी तिचा काका उभा राहायचा.

ज्याला आपण जिवापाड जपतो, त्याला कुलूप जरूर घालावे. फक्त झोपण्यापूर्वी आपल्या अंगठ्याकडे एकदा पाहून घ्यावे.